लाल चिंधी बांधलेल्या चवळीच्या झाडासाठी

आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

गेल्या भाद्रपदात गंगाखेडजवळच्या तुमच्या शेतात जो मुलगा सलग नऊ दिवस भल्या सकाळी येऊन चवळीच्या एकाच झाडापुढे गुडघे टेकून बसत असे, तोच मी हे पत्र लिहीत आहे. आभार खरे तर तेव्हाच मानायला हवे होते. परंतु निघताना तुमच्यापुढे उभा राहिलो आणि कंठ असा दाटून आला की "येतो, मावशी" यापलीकडे शब्द फुटला नाही. तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवील, या भरवशावर ते सगळे आज लिहितो आहे.

मला एकच फोटो हवा होता. मुंगळा काळ्या माव्याच्या, म्हणजे शेंड्यावरच्या त्या बारीक रसपित्या किडीच्या, पाठीवर आपल्या मिशांनी हलकेच थोपटतो, मावा मागच्या टोकाशी गोड रसाचा थेंब धरतो आणि मुंगळा तो टिपून घेतो, तेवढा क्षण. मावा कोवळ्या शेंड्यात सोंड खुपसून जो रस ओढतो त्यात साखर भरपूर असते, पण शरीर वाढायला लागणारा नत्राचा अंश फार थोडा. म्हणून त्याला सतत रस प्यावा लागतो आणि उरलेली साखर बाहेर टाकावी लागते. पानांवर जो चिकटा येतो आणि पुढे ज्यावर काळी बुरशी चढते, तो हाच. मुंगळा मात्र हा थेंब पोटातल्या वेगळ्या पिशवीत साठवून बिळात नेतो, तिथे इतरांना तोंडाने भरवतो आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतो. मावा खायला आलेल्या ढालकिड्याला दोन मुंगळ्यांनी शेंड्यावरून हुसकावले ते तुम्ही माझ्या शेजारी बसून पाहिलेत आणि म्हणालात, "लेकरा, हे तर आपल्यासारखंच जनावरं राखायलेत की." पुस्तकांत मुंग्यांच्या गाई म्हणून ज्यांचे वर्णन असते, त्यांना तुम्ही एका नजरेत ओळखलेत.

तुमच्या शेतापर्यंत पोहोचण्याआधी मी बरेच उंबरे झिजवले होते. शहरातील एका जाणत्या छायाचित्रकाराने माझी जुनी ५० मिलीमीटरची लेन्स आणि बारीक जीव मोठे दिसावेत म्हणून ती उलटी बसवण्याची कडी पाहून, लाखभराची सामग्री नसेल तर या फंदात पडू नये, असे चारचौघांत सुनावले. एका शेतमालकाने दोन दिवस फवारणी थांबवतो असा शब्द दिला आणि दुसऱ्याच सकाळी पंप चालवला. पीक त्याचे, काळजीही त्याची, हे मला पूर्ण मान्य आहे. दिलेला शब्द मोडताना एक निरोपही धाडावासा वाटला नाही, याचे दुःख अजून आहे.

म्हणूनच चौथ्या दिवशी तुमच्या धुऱ्यावर पाय ठेवताच औषधाचा उग्र वास आला, तेव्हा माझे हातपाय गळाले. कपाशी ओली दिसत होती, चवळीच्या ओळीही ओल्या दिसत होत्या. तसाच मागे फिरणार होतो. तेवढ्यात माझ्या झाडाजवळ काहीतरी लाल हलताना दिसले. जुन्या लुगड्याच्या काठाची वीतभर चिंधी तुम्ही त्या झाडाला बांधली होती आणि पाठीवर पंप घेतलेल्या गड्याला बजावले होते की चिंधीच्या आजूबाजूची चार झाडे सोडायची. शेंड्यावर मावा तसाच दाटलेला होता आणि मुंगळे खालीवर ये-जा करीत होते. तुम्ही मात्र शेतातल्या आखाड्यावर चुलीपुढे होतात. हे आपण केले असे सांगायलाही आला नाहीत.

मावशी, त्या चिंधीविषयी मी फार विचार केला आहे. मावा भराभर वाढतो. मादी नराशिवाय जिवंत पिले देते आणि चार सोडलेल्या झाडांवरून तो उरलेल्या ओळींवर पुन्हा पसरू शकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्या झाडांच्या शेंगा गेल्या त्या गेल्याच. यातून आपल्याला काय मिळणार, हे तुम्ही एकदाही विचारले नाही. नात्यागोत्याच्या नसलेल्या माणसाचे काम आपल्याला पुरते कळले नाही तरी ते त्याच्या जिवाचे आहे एवढे ओळखून वागणारी माणसे आपल्या मराठवाड्यात, पावसाने कितीही छळले तरी, अजून आहेत आणि त्यांच्या जोरावरच माझ्यासारख्यांची वेडी कामे तडीस जातात.

पुढचे थोडक्यात सांगतो. उलटी लेन्स माव्यापासून चार-पाच सेंटिमीटरवर आणावी लागते आणि इतक्या जवळून स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी एक मिलीमीटरही भरत नाही, त्यामुळे वाऱ्याची साधी झुळूक आली तरी सगळे धूसर होते. पाच दिवस थेंब दिसत राहिला आणि निसटत राहिला. नवव्या सकाळी वारा पडला होता. एका माव्याने थेंब धरला, मुंगळ्याने जबडे उघडले आणि फ्लॅश चमकला. त्या थेंबात चवळीचे पान उलटे उमटले आहे.

त्या फोटोची मोठी प्रत चौकटीत बसवून घेतली आहे आणि चवळी पेरायच्या दिवसांत ती घेऊन मी स्वतः येणार आहे. प्रत काढताना दुकानदार म्हणाला की डाव्या कोपऱ्यात काहीतरी अंधुक लाल आले आहे, ते कापून टाकू का. मी नको म्हणालो.

आपला,
मुंगळ्यांचे फोटो काढणारा परभणीचा मुलगा