लाल बटण

ठाणे,
शनिवार रात्र

प्रिय पम्या,

चाकणच्या नोकरीला नाही म्हणालो म्हणून फोनवर किती झापलंस लेका! महिन्याला चार हजार जास्त होते, खरंय. पण फोनवर सांगायचं राहून गेलं ते ऐक.

आमच्या रबाळ्याच्या कारखान्यात डब्यांची झाकणं निघतात. आठ कॅव्हिटीचा मोल्ड (एका साच्यात एका वेळी आठ झाकणं), बारा सेकंदांची सायकल, म्हणजे मिनिटाला ४० झाकणं. पूर्वी माल शॉर्ट, म्हणजे झाकणं अर्धवट भरलेली, यायला लागला की ऑपरेटर सुपरवायझरला शोधायचा, सुपरवायझर साहेबांना, आणि साहेब मीटिंगमध्ये. तासाभरात २४०० झाकणं थेट ग्राइंडरला.

जूनमध्ये नवे साहेब आले. म्हणाले, ज्याला बिघाड दिसेल त्याने लाल बटण दाबून मशीन थांबवायची, विचारायचं नाही. टोयोटात म्हणे लाइनवरचा कामगार दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर धावत येतो आणि अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. ऐकायला छान, पण दाबणार कोण?

दाबलं मामांनी. बावीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, तिसरी पाळी, लाल बटण दाबून पँटला हात पुसत माझ्याकडे आला. "ओरडणार नाहीत ना रे?" हीटर बँड, म्हणजे प्लास्टिक वितळवणारा तापता पट्टा, जळला होता. सकाळी साहेब आले. "थांबवली कुणी?" असं विचारलंच नाही. "मामा, काय दिसलं?" म्हणाले, आणि मामांच्या टोपीतलं झाकण हातात घेऊन पाच मिनिटं ऐकत उभे राहिले. आता मामा खिशात वही ठेवतात. कुठला हीटर कधी बदलला, सगळं तीत.

हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हेच मांडलं होतं. पगार, साहेबाचा स्वभाव, कामाची जागा बिघडली की माणूस कावतो. पण खूश होतो तो काम जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी दिली की. मला हे अर्धंच पटतं. ठाण्यात घरभाडं भरणाऱ्याला पगार फक्त कावण्यापुरता नसतो. मामांचा ओव्हरटाइम मागच्या वर्षी दोन महिने अडकला होता, तेव्हा कुठल्याही बटणाने त्यांचं समाधान झालं नसतं.

आणि स्वर्ग वगैरे समजू नकोस. हातमोज्यांच्या जोडीला अजून दोन सह्या लागतात. त्यावर परवा मीच साहेबांशी भांडलो. भांडता आलं, हे चाकणला कळवायचं कसं?

पुढच्या रविवारी ये. मामलेदारची मिसळ खाऊ. बिल तू दे, ते चार हजार तुझ्याच डोक्यात अडकलेत.

तुझाच,
बंड्या