खोक्यांवर ज्यांचं नाव नाही त्यांना

एका कॉलेजच्या माजी अध्यक्षांची खासगी आणि कामकाजाची कागदपत्रं गेले काही महिने अभिलेखागारात (जुनी कागदपत्रं जपून ठेवतात तिथे) वाचतोय. खोक्यांवर त्यांचं नाव आहे, कागद लावणाऱ्यांचं कुठेच नाही. म्हणून हे जाहीर आभार.

गंजलेल्या टाचण्या कुणीतरी एकेक करून काढल्यात. वर्तमानपत्राची कात्रणं शेजारच्या पत्रावर तपकिरी डाग पाडतात, म्हणून ती वेगळी ठेवलीत. जुन्या फॅक्सच्या थर्मल कागदावरची अक्षरं हळूहळू उडून जातात. तो मजकूर वेळीच आम्लरहित कागदावर झेरॉक्स करून ठेवलाय, नाहीतर माझ्या हाती कोरी पानंच आली असती!

पण खरं ऋण आहे ते न केलेल्या कामाचं. अध्यक्षांनी लावलेला मूळ क्रम कुणी मोडला नाही. अंदाजपत्रकाच्या फायलीत मध्येच बायकोची चिठ्ठी निघते, ती तिथेच राहू दिलीय. (त्या दिवशी पुढे काही वाचवलं नाही.) विद्यार्थ्यांच्या आणि नेमणुकांच्या फायली मुदतीपर्यंत बंद आहेत. आधी चिडलो होतो, आता पटतं.

आणि सूचीच्या समासात पेन्सिलीनं ‘खोकं 14 पण पाहा’ असं लिहून ठेवणाऱ्या अनोळखी माणसा, माझे दोन आठवडे वाचवलेस.