डाव्या बाजूचा शेक आणि हृदय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2010 साली डाव्या स्तनाच्या कर्करोगासाठी मला शेक दिला. रेडिएशनला आम्ही सगळ्या बायका शेकच म्हणायचो. पाच आठवडे, 25 वेळा. छातीवरच्या शाईच्या खुणा पुसू नयेत म्हणून आंघोळसुद्धा जपून करायची. त्या शेकामुळे मी आज जिवंत आहे, हे आधी सांगते.

गेल्या पौषात पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना निम्म्यावरच दम लागला, छाती आवळून आली. वय झालं म्हणून मी सोडून दिलं असतं, पण लेकीनं हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. मधुमेह नाही, बीपी नाही. मग त्यांनी विचारलं, ‘छातीवर कधी शेक घेतला होता का?’ इतक्या वर्षांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. शेक देतानाही हृदयाचा विषय निघाला नव्हता. हृदयाची पुढची धमनी अरुंद झाली होती, स्टेंट बसवला. हे शेकामुळेच झालं असं ठाम सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हृदयाला किती किरण लागले ते पाहायला जुनी फाइल मागितली, तर रुग्णालयात ती सापडलीच नाही.

मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे खोदून खोदून विचारलं. किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून ऑक्सिजनचे जहाल कण तयार होतात. गाठ मरते ती बरीचशी त्यांच्यामुळे. त्यांना आवरायला शरीराची स्वतःची राखण असते: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन. यकृतात कॅटालेज भरपूर, हृदयात त्या मानाने फारच थोडं. आणि हृदयाच्या स्नायूपेशी एकदा गेल्या की नव्या जवळजवळ होतच नाहीत. रक्तवाहिन्यांच्या अस्तराला आलेली सूज वर्षानुवर्षं धुमसत राहते. स्वीडन-डेन्मार्कमधल्या 2168 स्त्रियांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. हृदयाला सरासरी लागणाऱ्या दर एका ग्रेमागे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचं एकक) हृदयविकाराच्या गंभीर घटनांचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढतो आणि तो वीस वर्षांनंतरही राहतो, असं त्यात दिसलं.

यंदा माझ्या जावेला डाव्याच बाजूला शेक झाला. तिला मात्र मोठा श्वास घेऊन रोखून धरायला शिकवलं. फुप्फुसं फुगली की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं, तेवढ्याच वेळात किरण सोडतात. घरी स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मी मोजायचे आणि ती श्वास धरायची. पहिल्या दिवशी बारा सेकंद, आठवड्यानं पंचवीस!

शेजारच्या काकूंनी तिच्यासाठी प्रेमानं अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे तेच जहाल कण आवरणाऱ्या, कॅप्सूल आणल्या होत्या. त्या मी घेऊ दिल्या नाहीत. जेवणातला आवळा वेगळा. शेक चालू असताना अशा जादा मात्रेच्या गोळ्या गाठीलाच आडोसा देतील अशी भीती असते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या नकोत.

डाव्या बाजूचा शेक ठरला असेल त्या भगिनींनी ‘माझ्या हृदयाला किती लागणार? श्वास रोखून देता येईल का?’ हे सुरुवातीलाच विचारावं. घाबरून शेक टाळू मात्र नये. ज्यांचा शेक होऊन दहा-पंधरा वर्षं झाली, त्यांनी दम लागला की वयावर ढकलू नये. आणि नाशिकमधल्या सर्व शेक केंद्रांना कळकळीची विनंती: उपचार संपले की हृदयाला लागलेल्या मात्रेचा आकडा एका कागदावर, मराठीत लिहून रुग्णाच्या हातात द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक