चैत्र-वैशाखाचा हिशेब

सातारा,
वैशाख वद्य पंचमी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र मंगळवारी पोचले. वरच्या आगरातल्या हापूसची शेवटची तोड झाली आणि आढीतले फळ आता भराभर पिकू लागले आहे, हे वाचून मी दोन दिवस बाजारातल्या आंब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आई, तू लिहितेस की सगळ्यांच्या मुली मे महिन्यात माहेरी येतात आणि आमचीच तेवढी दुसऱ्यांच्या जत्रा पुजत फिरते. ते खरे आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर एवढेच आहे की देशावरच्या गावांनी आपल्या जत्रा नेमक्या याच दोन महिन्यांत ठेवल्या आहेत. रब्बीचे पीक घरात आलेले असते, खरिपाच्या पेरणीला अवकाश असतो, शाळांना सुटी असते आणि मुंबई-पुण्याला कामाला गेलेली माणसे गावी परतलेली असतात. शिवाय जत्रा तिथीवर ठरते. चैत्र पौर्णिमेला एकीकडे जोतिबाची यात्रा आणि दुसरीकडे गावोगावी हनुमान जयंती, म्हणजे एका दिवशी पाच ठिकाणांहून बोलावणे येते आणि पुढचे चार दिवस घरी बसावे लागते.

बाबा, तुम्ही विचारले आहे की पगार नाही, रजा नाही, पेन्शन नाही, तर जत्रांचे फोटो काढण्याच्या या धंद्याचा हिशेब मी ठेवते तरी कसा. तुम्ही पोस्टात आयुष्यभर रोजची रोकड रोज जुळवलीत, म्हणून हे पत्र हिशेबाच्याच रीतीने लिहिते आहे. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधन गावात निघणाऱ्या बगाडाच्या यात्रेपासून आजपर्यंत माझे तेवीस दिवस कामाचे भरले. त्यांतले चौदा दिवस यात्रा कमिट्यांचे, पाच बैलगाडा मालकांचे आणि चार वर्तमानपत्रांचे होते. कमिटीचा व्यवहार मला सगळ्यांत आवडतो, कारण वर्गणीचे पैसे मोजून झाले की देवळातच रोख रक्कम आणि नारळ हातावर ठेवतात. वर्तमानपत्राचे पैसे दोन-दोन महिने येत नाहीत, आणि एका ठिकाणी तर मी पहाटे तीनपासून उभी राहून काढलेल्या शिखर शिंगणापूरच्या छायाचित्राखाली ‘सौजन्य : सोशल मीडिया’ असे छापून आले. मुंगी घाटाच्या त्या उभ्या चढावर माणसांची साखळी करून कावडी वर ओढतात, आणि तो चढ कॅमेऱ्याच्या दोन पिशव्या घेऊन मीही चढले होते. सोशल मीडिया नावाचे कोणी तिथे माझ्याशेजारी उभे असल्याचे मला आठवत नाही. बिलासोबत तक्रार पाठवली आहे.

जोतिबाविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. आपल्याकडे शिमग्याला पालखी घरोघरी येते आणि आपण अंगणात रांगोळी घालून देवाची वाट पाहतो. इथे कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर लाखो माणसे आपापल्या गावच्या सासनकाठ्या घेऊन देवाकडे जातात. काठी म्हणजे तीन मजली घराएवढा उंच, रंगीत कापडाने मढवलेला बांबू. एकजण तिचा भार अंगावर पेलतो, चहूबाजूंनी चौघे-पाचजण दोऱ्यांनी तोल सांभाळतात आणि हलगीच्या ठेक्यावर ती नाचवली जाते. पहिला मान आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा असतो. एवढ्या वर्षांत ‘आपल्या’ हा शब्द साताऱ्यासाठीही माझ्या लेखणीतून सहज उतरू लागला आहे, त्याबद्दल रत्नागिरीकरांनी राग मानू नये.

‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ या गजरात गुलाल आणि खोबरे उधळले जाते, आणि गुलाल हा छायाचित्रकाराचा एकाच वेळी मित्र आणि वैरी आहे. चैत्रातले बारा वाजताचे ऊन एरवी माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडते, परंतु हवेत गुलालाचा पडदा उभा राहिला की तेच ऊन चाळणीतून गाळल्यासारखे मऊ होऊन उतरते. उलट तोच गुलाल भिंतींवरून, कपड्यांवरून परावर्तित होऊन प्रत्येक चेहरा गुलाबी करतो, आणि मग माणसाच्या कातडीचा मूळ रंग परत आणण्यासाठी मला रात्री एकेक चित्र हाताने दुरुस्त करावे लागते. दिवसभर भिंग बदलायचे नाही, हा माझा नियम आहे. कॅमेऱ्याला प्लॅस्टिक आणि त्यावर, आई, तुझ्या जुन्या निळ्या पातळाचा तुकडा गुंडाळलेला असतो. एवढे करूनही यंदा झूमच्या कडीत गुलाल शिरलाच. कडी फिरवताना दळणाच्या जात्यासारखा आवाज येऊ लागला, तेव्हा पुण्याला जाऊन सफाई करून घेतली. साडेतीन हजार रुपये, खर्चाच्या बाजूला.

बैलगाडा शर्यतींबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचतच असता. २०१४ साली बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून मालकांना आपल्या बैलजोडीचा मोठा, चौकटीत लावण्याजोगा फोटो हवा असतो. सेकंदाचा साठावा भाग एवढा वेळ कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवून बैलाच्या धावेबरोबर कॅमेरा फिरवला, तर डोळे आणि शिंगे स्पष्ट येतात व पाय धुळीत विरघळतात. चाळीस वेळा बटण दाबावे तेव्हा असे एखाद-दुसरे साधते. गाडीवानाच्या हातात काठी दिसणारा फोटो नको, असे मालक आधीच बजावून ठेवतो. तसा फोटो मी त्याला देत नाही. परंतु माझ्याकडून तो पुसलाही जात नाही, तारखेनिशी ठेवलेला असतो.

एक फोटो मात्र मी पुसला, आणि तुम्हांला तो नफ्यात धरावासा वाटतो की तोट्यात, हे मला समजून घ्यायचे आहे. एका गावात पालखी देवळाच्या दारात आली तेव्हा एका बाईच्या अंगात आले. केस मोकळे, कपाळावर फुटलेला मळवट, मागून ट्यूबलाइटचा पांढरा उजेड आणि वर फेकलेले दोन्ही हात असे ते चित्र होते. या मोसमात माझ्या हातून त्याहून चांगले चित्र निघालेले नाही. अर्ध्या तासाने तीच बाई पायरीवर बसून केस बांधत होती. तिने सासूकडे पाणी मागितले, ते पिताना तिचे लक्ष माझ्याकडे गेले आणि तिने पदर तोंडावर ओढला. मग स्वतःच उठून आली आणि म्हणाली, ‘ताई, माझा पोरगा पुण्याला कंपनीत आहे. त्याच्या दोस्तांच्या मोबाईलवर मी अशी दिसायला नको.’ मी तिच्यासमोर तो फोटो काढून टाकला, तिला रिकामा पडदा दाखवला आणि ती हात जोडून गेली.

बाबा, इथवर वाचून तुम्ही मान डोलवाल, म्हणून पुढचेही लिहिते. माझ्या कॅमेऱ्यात एक बिघडले तर दुसरे असावे म्हणून दोन कार्डे असतात, आणि दुसऱ्या कार्डावर त्याची प्रत होती. ते मला तिच्यासमोर उभी असतानाच ठाऊक होते. ती प्रत मी दोन दिवस पुसली नाही. रात्री मोठ्या पडद्यावर उघडून पाहत बसले; अशाच एखाद्या चित्रासाठी एका संपादकाचा फोनही येऊन गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुसली. संपादकाला मी रेवड्यांच्या बक्षिसावर कुस्ती खेळणाऱ्या दोन लहान पोरांचा फोटो पाठवला, तो त्यांनी आतल्या पानावर छोटासा छापला.

पावसाळ्यात मी काय करणार, हाही तुमचा प्रश्न होता. आषाढात वारी आहे, मग लग्नसराई सुरू होईपर्यंत हात आखडता राहील, याची मला कल्पना आहे. त्यासाठी चाळीस हजार बाजूला ठेवले आहेत. मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, मी घरी येते आणि आठ दिवस राहते. आई, लोणच्याच्या कैऱ्या तोवर झाडावर राहतील का? नसतील तर फोडी मीठ-हळद लावून ठेव, मसाला मी आल्यावर भरू.

शेवटी, बाबा, एक पोस्टाचे काम. जत्रेत ज्यांचे चेहरे काढते त्यांतल्या काहींना मी छापील फोटो पाठवते. यंदा अकरा पाकिटे झाली, त्यांतली दहा टाकली. अकरावे एका म्हाताऱ्या बाबांचे आहे. जोतिबाला सासनकाठीची दोरी धरून ते उभे होते, दोरीने तळवा सोलला होता आणि हातांच्या रेषारेषांत गुलाल भरला होता. फक्त हातांचाच फोटो काढला. ते म्हणाले, ‘मोबाईल पोरांकडे असतो, तू टपालानं धाड,’ आणि पत्ता सांगितला तो असा: स्वतःचे नाव, गावाचे नाव, ‘भैरोबाच्या देवळामागे, बोअरिंगजवळ’, तालुका आणि जिल्हा. १९७२ च्या १५ ऑगस्टला पिनकोड सुरू झाला तेव्हा तुम्ही नोकरीत नवे होतात आणि याद्या पाठ करीत असायचात, हे तुम्ही कितीदा तरी सांगितले आहे. म्हणून पिनकोड शोधायला गेले, तर त्या तालुक्यात त्या नावाची दोन गावे निघाली, एक बुद्रुक आणि एक खुर्द, आणि दोन्हींची टपाल कार्यालये वेगळी. भैरोबाचे देऊळ तर दोन्हीकडे असणारच. पाकीट बुद्रुकला टाकले आणि माणूस खुर्दचा निघाला, तर तिथला पोस्टमन ते पलीकडच्या गावी धाडतो की परत पाठवतो? तुमचे उत्तर येईपर्यंत ते टेबलावरच ठेवते आहे.

तुमची,
धाकटी