ज्याला काढायचं त्याला काढावंच लागतं

अर्वाइन, कॅलिफोर्निया
9 नोव्हेंबर 2025

प्रिय अव्या,
स. न.

मागच्या पत्रात तू आमच्या डॉजर्सबद्दल (लॉस एंजेलिसचा बेसबॉल संघ) विचारलंस, "पाच इनिंगमध्ये एकही हिट न देणाऱ्याला काढतो, तुमचा मॅनेजर शुद्धीवर असतो ना?" उत्तर लांबवलं, कारण तेव्हा मलाही तेच वाटत होतं.

16 सप्टेंबरला मी डॉजर स्टेडियमच्या पार वरच्या मजल्यावर होतो. आपला पिचर (चेंडू टाकणारा) ओहतानी, त्याने फिलाडेल्फियाला नुसतं नाचवलं. 68 पिच (म्हणजे टाकलेले चेंडू), हिट (बॅटरने फटका मारून बेस गाठणं) शून्य, आपण 4-0 पुढे. आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला थांबवलं! स्पेल संपला की लाँगऑनला उभं करायचं, वाटलं तर पुन्हा बोलवायचं, असं इथे नाही रे. पिचर उतरला की उतरला. (ओहतानी बॅटिंगला मात्र राहतो, तसा नियमच आहे. त्याच रात्री त्याने मोसमातला पन्नासावा होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा कुंपणापारचा फटका, मारला.) पुढच्याच इनिंगला बाकीच्यांनी सहा धावा वाटल्या, शेवटी 9-6 हरलो. शेजारचे आजोबा स्पॅनिशमध्ये काय बोलले ते कळलं नाही, पण आईसमोर म्हणण्यासारखं नव्हतं एवढं नक्की.

घरी येताना डोकं थंड झालं. या माणसाच्या कोपरावर 2023 मध्ये शस्त्रक्रिया झालेली. जूनमध्ये पिचिंगला परतला तोही एकाच इनिंगसाठी, मग हळूहळू वाढवत पाचपर्यंत आणलेला. सहा महिन्यांत 162 सामने, एकेक हात जपूनच वापरावा लागतो.

आणि तुझ्या मनासारखंही दहा दिवस आधी झालं होतं! बाल्टिमोरमध्ये आपला दुसरा पिचर यामामोटो नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये दोन आउटपर्यंत एकही हिट न देता पोचला. 112 पिच झाल्या, तरी रॉबर्ट्सने हात लावला नाही. एक आउट हवा होता, तेवढ्यात त्यांच्या जॅक्सन हॉलिडेने होमरन ठोकला. आपण 3-1 पुढे. मग यामामोटोच्या जागी ट्रायनेन आला, त्याच्यामागून टॅनर स्कॉट, आणि तो एक आउट काही मिळेना. 4-3 हरलो. चहा कपातच निवला.

तेव्हा माझं मत असं झालंय की खोट काढण्यात नव्हती, आणण्यात होती. स्कॉटला चार वर्षांचे 7.2 कोटी डॉलर दिलेत, आणि मोसमात दहा वेळा त्याच्या हातून शेवटची आघाडी निसटली. तरी रॉबर्ट्स त्यालाच पुढे करत राहिला. यावर मी त्याला अजून माफ केलेलं नाही. अखेरीस शहाणपण सुचलं ते रोकी सासाकीच्या रूपाने. सुरुवातीचा पिचर म्हणून घेतलेला पोरगा, मे महिन्यात खांदा दुखावला, सप्टेंबरअखेर परतला तो बुलपेनमधून, म्हणजे मध्येच बोलावल्या जाणाऱ्या राखीव पिचरांमधून. ऑक्टोबरमध्ये नववी इनिंग त्याच्याकडे गेली आणि माझं ब्लडप्रेशर जरा खाली आलं.

वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे टोरांटोविरुद्धच्या अंतिम मालिकेचं, तू वाचलंच असशील, पण लाइनअपचं सांगतो. सहाव्या सामन्याला रॉबर्ट्सने पाहेसला बसवलं. बिचाऱ्याची बॅट महिनाभर रुसलेली. त्याच्या बदल्यात 36 वर्षांचा रोहास, नवव्या नंबरवर. सातव्या सामन्यात, टोरांटोत, नवव्या इनिंगला एका धावेने मागे असताना याच रोहासने होमरन मारून बरोबरी केली! मी सोफ्यावर उभा राहिलो, बायको म्हणाली, स्प्रिंग तुटेल.

मग त्याच इनिंगमध्ये टोरांटोची बॅटिंग. तिन्ही बेसवर त्यांचे खेळाडू, एक आउट, आणि पिचिंगला कोण? यामामोटो, आदल्याच दिवशी 96 पिच टाकलेला! तेव्हा रॉबर्ट्सने बाहेर बसलेल्या पाहेसला सेंटरला, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, पाठवलं, त्याचा थ्रो दमदार म्हणून. रोहासने चेंडू होमला (जिथे धाव पूर्ण होते तिथे) फेकून एक आउट मिळवला. पुढचा फटका थेट कुंपणापाशी. पाहेस धावत गेला, आपल्याच किके हर्नांडेझवर आदळला, त्याला आडवा पाडला, पण झेल सोडला नाही. बरोबरीमुळे सामना लांबला आणि अकराव्या इनिंगला आपल्या विल स्मिथच्या होमरनने 5-4 जिंकलो.

तेव्हा तूच डोळ्यांसमोर आलास. शाळेच्या फायनलला तूही मला बाहेर बसवून शेवटच्या ओव्हरला सीमारेषेवर धाडलं होतंस. माझ्या हातून कॅच सुटला आणि मॅच गेली. आठवड्याभराने म्हणालास, "पुन्हा तुलाच पाठवीन." अव्या, ते मला धीर द्यायला होतं की तुला खरंच तसं वाटत होतं? कधी विचारलं नाही. या पत्राच्या उत्तरात लिही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या

ता. क. एप्रिलपासून इथला संध्याकाळचा सामना तुझ्याकडे सकाळी 7:40 ला लागेल. डबा भरता भरता बघ.