कॉटशेजारच्या तक्त्याच्या सिस्टरांना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. 'व्हिपलवाल्या आजींचा मुलगा' म्हटलं की ओळखाल.

व्हिपलच्या ऑपरेशनात आईच्या स्वादुपिंडाचं डोकं, त्याला लागून असलेला लहान आतड्याचा पहिला भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा, एवढं सगळं काढलं आणि उरलेलं तीन ठिकाणी जोडलं. सर्जनचे आभार मानून झालेत. हे पत्र आईच्या कॉटशेजारी चिकटवलेल्या, कोणत्या दिवशी काय करायचं ते चौकटींत लिहिलेल्या त्या तक्त्यासाठी.

मागे काकांचं पोटाचं ऑपरेशन दुसरीकडे झालं होतं. सकाळच्या सिस्टर म्हणायच्या, घोटभर पाणी द्या. रात्रपाळीच्या ओरडायच्या, कुणी दिलं पाणी? तुमच्याकडे तिन्ही पाळ्या एकच बोलायच्या. ऑपरेशनच्या आधी दोन तासांपर्यंत आईला गोड पाणी चाललं, तिथेच मावशी हादरली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आईला उभं केलंत, तेव्हा तर ती "अहो, टाके उसवतील!" म्हणत दारातच आडवी आली. तुम्ही वाद घातला नाहीत. "मावशी, तुम्ही सलाइनचा स्टँड धरा," म्हणालात. संध्याकाळच्या फेरीला मावशीच आईला उठवत होती.

घरी आल्यावर वाचलं. उपाशी ठेवणं, पडून राहणं, नळ्या दिवसेंदिवस तशाच ठेवणं, हे सगळं खरंच लागतं का, हा प्रश्न डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात लावून धरला. रुग्ण लवकर सावरावा म्हणून आखलेल्या या नव्या पद्धतीची व्हिपलसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१२ मध्ये आली. मावशीच्या हाती स्टँड द्या, असं काही त्यांत नसावं.

पाचव्या दिवशी आईला उलट्या सुरू झाल्या. जठर लवकर रिकामं होत नव्हतं, नाकातली नळी परत घालावी लागली. आई तक्त्याकडे बघून रडली. आपण नापास झालो असं तिला वाटलं. तुम्ही पेन काढून पुढच्या चौकटींवर एक बाण ओढलात आणि म्हणालात, "या ऑपरेशनात होतं असं. तारखा पुढे ढकलल्या, बस." नळी काढायची घाई केली नाहीत, पण तिचं चालणं एक दिवसही चुकवलं नाहीत. त्या बाणाचे आभार मला सगळ्यांत जास्त मानायचे आहेत.

रक्त गोठू नये म्हणून रोज द्यायचं इंजेक्शन तुम्ही मला शिकवलंत. माझा हात थरथरायचा, आई डोळे मिटून घ्यायची. ऑपरेशनपासूनचे २८ दिवस काल पूर्ण झाले. आईने कॅलेंडरवर रोज खूण केली आहे. पुढच्या तपासणीला येताना ते पान फाडून आणणार आहे, तुम्हाला दाखवायला.

तुमचा,
व्हिपलवाल्या आजींचा मुलगा