पणजीच्या शोधात हात देणाऱ्यांचे आभार

आमच्या पणजीला घरात सगळे 'थोरली आई' म्हणायचे. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आज ते आमच्याकडे आहे, म्हणून हे चार शब्द.

तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षातल्या ताई, कोतवाल बुकांचे, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांचे, धुळीने भरलेले गठ्ठे तुम्ही स्वतः खाली काढलेत, तेही दोनदा. आणि जुनी मोडी लिपी वाचून देणारे गुरुजी, तुमचं ऋण फार मोठं. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. आम्हाला अख्खी ओळ म्हणजे एकच गुंतवळ दिसायची. तुम्ही भिंग धरून ऑक्टोबर १९१८च्या पानावर बोट ठेवलंत. पणजोबांचं नाव, पुढे 'बायको', कारण 'ताप'. इन्फ्लुएन्झाच्या साथीचे दिवस ते. खालच्या ओळींतही ताप, ताप, ताप. वाचता वाचता तुम्ही थांबलात आणि चष्मा पुसलात.

नाव मात्र तिथेही नव्हतं. ते मिळालं नाशिकला, तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्यांत: सरस्वती. काका, जुन्या वह्या उलटण्यात तुमची अख्खी दुपार गेली आणि दक्षिणेचं नावही काढलं नाहीत.

तिच्या दोन्ही लेकी कुठे दिल्या, हे जमिनीच्या कुठल्याच फेरफार नोंदीत नव्हतं. वेशीजवळच्या आजींना मात्र दोन्ही गावं तोंडपाठ होती! त्या घरांतली माणसं दिवाळीनंतर आमच्याकडे येणार आहेत. आजी, तुम्हाला न्यायला गाडी पाठवतो. गुरुजी, तुम्हीही या.